फॉर्ममधला तो एक रकाना : कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी आरोग्य विमा

डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी निळी प्लास्टिकची फाइल, गार होत चाललेला चहा आणि माझा भाचा. स्क्रीनवर विमा कंपनीचा प्रपोजल फॉर्म होता. नाव, जन्मतारीख, उंची, वजन त्याने भराभर भरलं आणि एका प्रश्नापाशी त्याचा हात थबकला. ‘तुम्हाला कधीही कर्करोग, ट्यूमर किंवा गाठीचं निदान झालं आहे का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

अर्ध्या तासापूर्वीच एजंटने फोनवर सांगितलं होतं, “ते कशाला लिहिताय? चार वर्षं झाली, पोरगा ठणठणीत आहे. लिहिलंत तर फाइल अडकेल.”

“मावशी, काय करू?”

मी अकरा वर्षं ठाण्यात एका टीपीएच्या क्लेम डेस्कवर होते. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये कागद तपासणारी संस्था. क्लेम मंजूर की नामंजूर हे शेवटी विमा कंपनी ठरवते, पण कागद आधी आमच्या हातून जातात. त्यामुळे मला विचार करावा लागला नाही. “हो वर टिक कर,” म्हटलं.

भाच्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. दर पंधरवड्याला एक असे केमोचे १२ डोस झाले. आज तो बरा आहे. त्याच्यासारखे अनेकजण आता ठाण्यात, ऐरोलीत, खारघरमध्ये नोकऱ्या करतायत, लग्नाचं बघतायत, घराचं कर्ज काढतायत. आजाराशी कसं लढायचं हे डॉक्टरांनी त्यांना शिकवलं. विम्याचे कागद कसे वाचायचे हे कोणी शिकवलं नाही.

आधी त्या ‘हो’ बद्दल. विम्याचा करार तुम्ही दिलेल्या माहितीवर उभा असतो. फॉर्ममध्ये ‘कधीही’ असं विचारलं असेल, तर आजार दहा वर्षं जुना असला तरी उत्तर ‘हो’च. डेस्कवर असताना एका मुलीची फाइल माझ्याकडे आली होती. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन, दुर्बिणीतून, दोन दिवसांत घरी. हॉस्पिटलच्या केस पेपरवर डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं : पूर्वी थायरॉइडच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. प्रपोजल फॉर्ममध्ये मात्र ‘नाही’ होतं. क्लेम गेला आणि पाठोपाठ पॉलिसीही रद्द झाली. पित्ताशयाचा थायरॉइडशी काही संबंध नव्हता, तरीही. तिने तिच्या मनाने लपवलं नव्हतं, कोणीतरी ‘लिहू नका’ सांगितलं होतं. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सही आपली असते.

‘पाच वर्षं गप्प राहिलं की कंपनी काही करू शकत नाही,’ असंही तुम्ही ऐकाल. यातला अर्धाच भाग खरा आहे. विमा नियामक संस्थेच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर माहिती दिली नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. आधी हा काळ आठ वर्षांचा होता. पण सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे, आणि जाणूनबुजून कॅन्सर लपवणं हे फसवणुकीत मोडतं असं कंपनी म्हणू शकते. शिवाय ते ६० महिने तुम्ही धाकधुकीत काढणार. एवढे महिने हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेल्या माणसाने पुन्हा धाकधूक विकत का घ्यायची?

आता ‘हो’ लिहिल्यावर काय होतं ते. कंपनी उपचारांचे कागद मागते, बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणीही करायला लावते. मग चार-पाच गोष्टींपैकी एक घडते. पॉलिसी नेहमीच्या अटींवर मिळते. किंवा प्रीमियम वाढवून मिळते, याला लोडिंग म्हणतात. किंवा ‘अमुक वर्षांनी या’ असं सांगितलं जातं. किंवा नकार येतो. नकार आला तर तो कारणासह लेखी मागा, फोनवरच्या ‘होणार नाही मॅडम’वर थांबू नका. भाच्याला पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसरीने लोडिंग लावून पॉलिसी दिली आणि जुन्या आजारासाठी तीन वर्षांची प्रतीक्षा ठेवली.

ही प्रतीक्षा नीट समजून घ्या. पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी उपचार किंवा सल्ला दिला, तो ‘आधीपासूनचा आजार’ धरला जातो. त्याच्या खर्चासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. २०२४ आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. इथे एक बारीक गोम आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर काहींना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच-दहा वर्षं घ्यावी लागते. ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली असतील, पण गोळी चालू आहे म्हणजे उपचार चालू आहेत, असंच कागदावर दिसतं. आणि हे ३६ महिने फक्त जुन्या आजारापुरते असतात. पाय मोडला, डेंग्यू झाला, अपेंडिक्स निघालं, तर त्यासाठी तीन वर्षं थांबावं लागत नाही. अपघात सोडून सगळ्यांनाच लागू असते ती सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षा, आणि मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक आजारांची वेगळी. ‘मला तीन वर्षं काहीच मिळणार नाही, मग कशाला भरू’ असं म्हणून पॉलिसीच न घेणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ही एक ओळ कोणी सांगितली असती, तर किती बरं झालं असतं.

याहून मोठी अट एक आहे आणि ती बारीक अक्षरांत येते. नियमांत काही गंभीर आजारांची यादी आहे. ते आजार आधीच झालेले असतील, तर तुमची संमती घेऊन कंपनी त्यांना कायमचं वगळून पॉलिसी देऊ शकते. कर्करोग त्या यादीत आहे. असा कागद समोर आला तर घाईने सही करू नका. तीन वर्षांनी सुरू होणारं संरक्षण आणि कधीच सुरू न होणारं संरक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही दुसरा काही मार्ग नसेल तर मी म्हणेन घ्या, कारण तिशीतल्या माणसाला कॅन्सर सोडून इतरही शंभर गोष्टी होऊ शकतात. फक्त नेमकं काय वगळलं ते शब्दशः वाचा. ‘लिम्फोमा’ वगळला म्हणजे हृदय वगळलं असं होत नाही. पॉलिसीचा कागद हातात आल्यावर ती वाचून परत करायला ३० दिवस मिळतात. ते वाचण्यासाठीच वापरा.

फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्याने असं ठरवलं, की उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी कॅन्सर सांगण्याची गरजच नाही. तिकडे याला विसरलं जाण्याचा हक्क म्हणतात. आपल्याकडे असा कायदा नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. विसाव्या वर्षी झालेल्या आजाराबद्दल माणसाने चाळिशीतही स्पष्टीकरण देत बसावं, हे न्यायाचं नाही. पण तो होईपर्यंत आपल्याला आजच्या नियमांतच वाट काढायची आहे, आणि या नियमांत तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारखा.

खंड पडू देऊ नका

वरचे ३६ आणि ६० महिने सलग मोजले जातात. पॉलिसी तुटली की मोजणी पुन्हा शून्यावर येते. निरोगी माणसाची पॉलिसी चुकून बंद पडली तर तो दुसऱ्या दिवशी नवी घेऊ शकतो. तुम्हाला नवी मिळेलच याची खात्री नाही. म्हणून नूतनीकरणाची तारीख ही तुमच्यासाठी फॉलोअपच्या तारखेइतकीच महत्त्वाची. वार्षिक प्रीमियम भरायला तारखेनंतर ३० दिवसांची मुभा असते, हप्ता महिन्याचा असेल तर १५ दिवसांची, पण त्यावर विसंबू नका. एक दिलासा असा, की तुम्ही आधी क्लेम केले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही.

पहिला खड्डा पंचविशीत येतो. आई-वडिलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची मिळून एक पॉलिसी) किंवा त्यांच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मुलं साधारणपणे २५ वर्षांपर्यंतच असतात. ज्या पॉलिसीने तुमचे उपचार केले, तीच २५ व्या वाढदिवसानंतर तुम्हाला बाहेर काढते. फ्लोटरमधून बाहेर पडताना त्याच कंपनीची वेगळी पॉलिसी घेतली, तर आधी पूर्ण केलेल्या प्रतीक्षेचा हिशेब पुढे नेता येतो. हा अर्ज मुदत संपायच्या आधी करायचा असतो. २४ वं लागलं की आई-बाबांकडून पॉलिसीचा कागद मागून घ्या आणि ‘अवलंबित मुलं’ या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचा.

दुसरा खड्डा नोकरी बदलताना येतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी हे बऱ्या झालेल्या तरुणांसाठी वरदानच आहे, कारण त्यात बहुतेक ठिकाणी आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात आणि वैद्यकीय तपासणी नसते. लग्न झालं असेल तर नवरा किंवा बायकोच्या ऑफिसच्या पॉलिसीतही नाव घालता येतं. पण हे छप्पर नोकरीचं आहे. शेवटच्या कामाच्या दिवशी ते जातं. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करण्याची मुभा असते. कंपनी तुमची तपासणी करते, अटीही घालू शकते, तरी अर्ज जरूर करा. आणि तो नोटीस पीरियडमध्येच करा, रिलीव्हिंग लेटर हातात पडल्यावर नाही.

एका विमा कंपनीतून दुसरीत पोर्ट करायचं, म्हणजे पूर्ण झालेल्या प्रतीक्षेसह पॉलिसी तिकडे न्यायची असेल तर नूतनीकरणाच्या दीड महिना आधी हालचाल सुरू करा आणि नव्या कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनी सोडू नका. नवी कंपनी नकार देऊ शकते. विम्याची रक्कम वाढवली, तर वाढलेल्या भागासाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते, हेही लक्षात असू द्या.

ऑगस्टमधला डेंग्यू

भाच्याने ऐरोलीतली नोकरी सोडली आणि दुसरीकडे रुजू व्हायला तीन आठवडे होते. जुन्या ऑफिसचं कार्ड बंद, नव्याचं अजून आलेलं नाही. नेमका त्याच आठवड्यात ताप चढला. डेंग्यू. प्लेटलेट्स घसरल्या आणि डॉक्टर म्हणाले भरती करा. त्या वेळी कामाला आली ती त्याची स्वतःची, लोडिंग लावलेली पॉलिसी.

रूम निवडताना काउंटरवरच्या मुलीने ‘डीलक्स आहे, आठ हजार’ म्हटलं. पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ₹५,००० होती. इथे लोक फसतात, म्हणून थोडं थांबून सांगते. फक्त वरचे तीन हजार आपल्या खिशातून गेले, एवढ्यावर हे मिटत नाही. पाच भागिले आठ म्हणजे साडेबासष्ट टक्के. डॉक्टरांच्या व्हिजिट आणि रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणारे बाकीचे खर्च याच प्रमाणात कापले जातात. असे खर्च ₹४०,००० झाले तर कंपनी ₹२५,००० देणार. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. आम्ही ट्विन शेअरिंग घेतली.

कॅशलेसचा, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यावं यासाठीचा अर्ज गेला आणि रात्री साडेदहाला टीपीएकडून शंका आली : रुग्णाला पूर्वी लिम्फोमा होता, प्लेटलेट्स कमी असण्याचं कारण स्पष्ट करा. ताईचा चेहरा उतरला. मला मात्र यात नवल वाटलं नाही. असे प्रश्न मी स्वतः पाठवलेले आहेत. रक्ताशी संबंधित जुना आजार आणि आताही रक्तातच गडबड, म्हणजे डेस्कवरचा माणूस विचारणारच. तो नकार नसतो, त्याला एका कागदाची गरज असते. आम्ही तीन गोष्टी दिल्या. डेंग्यूचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, दोन महिन्यांपूर्वीच्या फॉलोअपमधला सगळं नॉर्मल असल्याचा रक्ताचा रिपोर्ट, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र, की आताचा आजार डेंग्यूचा आहे आणि पूर्वीच्या लिम्फोमाशी त्याचा संबंध नाही. मंजुरी आली. फॉर्मवर ‘हो’ असल्यामुळे प्रश्न फक्त वैद्यकीय राहिला. ‘नाही’ असतं, तर त्याच प्लेटलेट्सवरून प्रकरण लपवाछपवीपर्यंत गेलं असतं.

नियम असा आहे, की कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. ठरवून भरती व्हायचं असेल तर ४८ तास आधी कळवलेलं बरं.

निळी फाइल

ती फाइल कशी असावी? बायॉप्सीचा मूळ रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, पेट स्कॅनचे रिपोर्ट, आणि सगळ्यात वर उपचारांचा गोषवारा. हा गोषवारा ऑन्कॉलॉजिस्टकडून मागून घ्यावा लागतो. त्यात कोणती औषधं मिळाली, डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा एकूण डोस किती झाला, रेडिएशन कुठे आणि किती, शेवटचा उपचार कोणत्या तारखेला, हे सगळं हवं. विम्यासाठी ती शेवटची तारीख मोलाची आहे आणि तब्येतीसाठी तो डोस. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर, ब्लिओमायसिनचा फुप्फुसांवर, सिस्प्लॅटिनचा कानांवर आणि किडनीवर नंतर परिणाम होऊ शकतो. लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून उपचारांनंतरचं वेगळं क्लिनिक चालतं, ते याच कारणासाठी.

इथे विम्याची एक उणीव सांगायलाच हवी. फॉलोअपचा खर्च साधारणपणे पॉलिसीत बसत नाही. दरवर्षीचा हृदयाचा इको, रक्ततपासण्या, स्कॅन, सगळं भरती न होता होतं, आणि फक्त तपासणीसाठी भरती झालात तर क्लेम नाकारला जातो. केमो मात्र डे-केअरमध्ये येते, त्यासाठी २४ तास राहावं लागत नाही. तोंडाने घ्यायची केमो आणि इम्युनोथेरपीही आता पॉलिसीत धरली जाते, पण त्यावर वेगळी मर्यादा असू शकते, ती विचारून घ्या. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवण्याचा खर्च सहसा मिळत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, की प्रीमियमबरोबरच दर महिन्याला थोडे पैसे फॉलोअपच्या नावाने बाजूला टाका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. तेवढी बचत तरी तिकडे वळवा.

खासगी पॉलिसी मिळालीच नाही तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, असा समज घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये आजही आहे. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, पांढऱ्या रेशनकार्डासह. कुटुंबाला वर्षाला ₹५ लाखांचं संरक्षण मिळतं. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात येतं. यात प्रपोजल फॉर्म नाही, प्रतीक्षा नाही, ‘कधीही झाला होता का’ हा प्रश्न नाही. योजनेतल्या हॉस्पिटलातच जावं लागतं आणि उपचार ठरलेल्या पॅकेजप्रमाणे होतात, हे मात्र खरं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा काउंटर शोधा, किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्डात तुमचं नाव आहे का, हे आजच बघा. लग्नानंतर नाव कमी झालं आणि सासरच्या कार्डात चढलंच नाही, असं मुलींच्या बाबतीत फार होतं.

महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथल्या कारखान्यांत आणि छोट्या ऑफिसांत महिना ₹२१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. ईएसआयला तुमचा जुना आजार आड येत नाही. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षं सलग नोकरी आणि त्यात किमान १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर रजेच्या काळात ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. वागळे इस्टेट आणि वाशी, दोन्हीकडे ईएसआयची हॉस्पिटलं आहेत. पगारवाढीने मर्यादा ओलांडणार असाल, तर त्याच्या आत दुसरी व्यवस्था बघून ठेवा.

क्लेम नाकारला तर

पत्र नीट वाचा. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, ते त्यात असायला हवं. हृदयाच्या त्रासाचा क्लेम ‘पूर्वीच्या कर्करोगाशी संबंधित’ एवढ्याच शब्दांत नाकारला असेल, तर डॉक्टरांकडून स्पष्ट लेखी मत घ्या. संबंध असेल तर आहे म्हणतील, नसेल तर नाही. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत नियामक संस्थेच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी.

आपल्याकडच्या लोकांना यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावरच्या जीवन चिंतामणी इमारतीत लोकपालांचं कार्यालय आहे. ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर हा भाग त्यांच्याकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, ₹५० लाखांपर्यंतची तक्रार ऐकली जाते. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. जाताना पॉलिसी, नकाराचं पत्र, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, डॉक्टरांचं मत आणि प्रपोजल फॉर्मची प्रत घ्या. ती प्रत बहुतेकांकडे नसते. पॉलिसीच्या पीडीएफच्या शेवटच्या पानांत ती अनेकदा जोडलेली असते. नसेल तर कंपनीला ईमेल करून मागवा आणि तुमच्या उत्तरापुढे कुठल्या चौकोनात टिक आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.